सुहोत्राचा विझलेला अग्नी

पूर्वी कृतयुग मावळून त्रेतायुगाचा उदय होत असताना, म्हणजे धर्म चार पायांऐवजी तीन पायांवर तोल सावरायला शिकत होता त्या काळी, विंध्याच्या दक्षिण उतारावर वेणुमती नावाची एक नदी वाहत असे. तिच्या दोन्ही तीरांवर औदुंबर, पळस, शमी आणि खदिर यांची घनदाट राई होती. राईत ठायी ठायी पर्णकुट्या होत्या. मृगांचे कळप निःशंकपणे अंगणात येऊन वाळत घातलेला नीवार, म्हणजे रानभात, खात आणि हाकलले तरी जात नसत. प्रातःकाळी सामगायनाने आणि सायंकाळी होमधूमाने ते वन असे भरून जाई की, वाट चुकलेला पांथस्थ नुसता धुराच्या मागे चालत राहिला तरी कोणाच्या ना कोणाच्या दारी पोचे. अशा त्या तपोवनात सुहोत्र नावाचा ऋषी आपली सहधर्मचारिणी अनुव्रता हिच्यासह राहत होता.

सुहोत्राची ख्याती त्याच्या अग्नीमुळे होती. आहिताग्नी, म्हणजे विधिपूर्वक अग्नी स्थापलेल्या, गृहस्थाच्या घरी तीन अग्नी असतात. त्यांतला गार्हपत्य हा मूळ. तो अहोरात्र जिवंत ठेवायचा आणि होमाच्या वेळी त्यातूनच बाकीचे दोन प्रज्वलित करायचे. सुहोत्राचा गार्हपत्य सात पिढ्या एकदाही न विझता चालत आलेला होता. त्याच्यावर विवाहाचे लाजाहोम झाले होते, पितरांना कव्य आणि देवांना हव्य पोचले होते, आणि त्या कुळातला जो कोणी देह ठेवी त्याच्या चितेलाही तोच अग्नी लागे. त्या अग्नीची राखण मात्र अनुव्रता करीत असे. गोवऱ्या फोडणे, राख ओढणे, वारा कोठून येतो ते पाहून कुडाला चटई बांधणे, हे सारे तिचे काम होते. ऋषींच्या कीर्तीपायी त्यांच्या पत्नींचे हात राखेने काळे होतात, हे कथा सांगणारे सहसा सांगत नाहीत. म्हणून मी येथेच सांगून टाकतो.

एकदा अनुव्रतेचा पिता आजारी पडल्याचे वर्तमान आले. निघताना ती पतीला म्हणाली, “स्वामी, तीन दिवसांत येते. गोवरी मोठी घालू नका, गुदमरतो तो. प्रहराप्रहराला एकदा पाहत जा.” सुहोत्राने मान हलवली. दुसऱ्याच दिवशी उत्तरेकडून चार विद्वान आले, आणि अग्नीचे तेज नित्य की अनित्य, या विषयावर अंगणात वाद पेटला. सुहोत्राने प्रमाणांची अशी वृष्टी केली की तिसऱ्या प्रहरी चौघांनीही हात जोडले आणि तेज नित्य असल्याचे मान्य केले. त्यांना निरोप देऊन विजयी सुहोत्र अग्निशाळेत गेला, तो सकाळी त्याने स्वतःच घातलेल्या एका भल्यामोठ्या गोवरीखाली कुंड थंडगार पडले होते. त्याने राख चिमटीत घेतली, तळहातावर चोळली. कोठेही धग नव्हती.

आता हेही सांगितले पाहिजे की, शास्त्राने अशा वेळी कोणाला वाऱ्यावर सोडलेले नाही. अग्नी विझला तर ऋषिसभेत तसे सांगावे, प्रायश्चित्त घ्यावे, पतिपत्नींनी मिळून अरणी घुसळून नवा अग्नी उत्पन्न करावा, आणि पुढे चालू लागावे. पण दुसऱ्या दिवशी माध्याह्नी तीच ऋषिसभा सुहोत्राच्या आश्रमी येणार होती. त्याला ‘अच्युताग्नी’, म्हणजे ज्याचा अग्नी कधी ढळला नाही असा, ही पदवी द्यायला. सुहोत्राने खूप विचार केला. मग तो नदीच्या कडेकडेने कुंभारवाड्याकडे गेला, कुंभार जेवायला घरात गेला आहेसे पाहून त्याच्या आव्यातले, म्हणजे भट्टीतले, दोन निखारे त्याने एका फुटक्या घटात घेतले आणि उपरण्याआड लपवून आणले. दुसऱ्या दिवशी पदवी मिळाली. तिसऱ्या दिवशी अनुव्रता परतली, अग्निशाळेत डोकावली, आणि म्हणाली, “बरा राखलात हो.” त्या कौतुकाने सुहोत्राला अन्न गेले नाही.

यापुढची बारा वर्षे त्या ब्राह्मणाने कशी काढली, ते त्याचे तोच जाणे. होम चालू होता, पण प्रत्येक आहुतीबरोबर त्याच्या मनात येई की, ही कोठेच पोचत नाही. चोरलेल्या निखाऱ्यातून देव हविर्भाग घेत नसतील. नारायणाने आपल्याला केव्हाच टाकले असेल आणि आपण रिकाम्या आसनापुढे पात्रे वाढून ठेवतो आहोत. ही पोकळी भरून काढावी म्हणून त्याने चांद्रायणे केली, ग्रीष्मात चार अग्नींच्या मधोमध, माथ्यावरचा सूर्य पाचवा धरून, पंचाग्नी साधला, शिशिरात गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहिला. लोक म्हणत, काय हा तपस्वी. खरे तर तो नुसता घाबरलेला माणूस होता, आणि घाबरलेल्या माणसाच्या हाती धर्मदंड दिला म्हणजे तो दंड दुसऱ्याच्या पाठीवर बसतो.

तसेच झाले. एका वर्षाकाळी वेणुमतीला पूर आला आणि पैलतीरीच्या वसुदत्त नावाच्या गरीब अग्निहोत्र्याचा अग्नी पाण्याखाली गेला. तो पत्नीसह ओल्या वस्त्रांनी सभेत आला आणि त्याने प्रायश्चित्त मागितले. सभेने सुहोत्राकडे पाहिले. अच्युताग्नीवाचून हा निर्णय देणार कोण? सुहोत्र उभा राहिला. त्याची वाणी कठोर निघाली.

“ज्याला आपला अग्नी राखता आला नाही, त्याचे हव्य देवांनी का घ्यावे? याला पुनराधानाचा, नवा अग्नी स्थापण्याचा, अधिकार नाही. याची वाट तुटली. याने हे तपोवन सोडावे.”

वसुदत्ताने सभेला नमस्कार केला. पतिपत्नी भिजलेले गाठोडे घेऊन दक्षिणेकडे गेली, आणि त्या दिवसापासून सुहोत्राची झोपही गेली.

असे होता होता अनुव्रता अंथरुणाला खिळली. औषधींचे रस झाले, मंत्रोदके झाली; ज्वर उतरेना. एके सकाळी तिने पतीला जवळ बोलावले आणि म्हणाली, “स्वामी, मी फार दिवस नाही. माझे एकच मागणे आहे. चाळीस वर्षे ज्याला मी भरवले, त्याच अग्नीने मला न्या. तो मला ओळखतो. त्याच्या हाती दिलेत की मला वाटेची चिंता नाही.”

सुहोत्र “बरे” म्हणाला आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. शास्त्र त्याला पाठ होते: अग्निहोत्र्याची पत्नी आधी गेली तर ती पतीच्या अग्नीवाटेच दिव्य लोकी जाते. आणि हा अग्नी? कुंभाराच्या आव्यातला, तोही चोरून आणलेला. सांगावे, तर मरत्या स्त्रीचा एकमेव आधार काढून घ्यायचा. न सांगावे, तर तिला फसवून चितेवर ठेवायचे आणि कोठे पाठवतो आहोत ते आपल्यालाच ठाऊक नसायचे. शेजारच्या ऋषिपत्नींना तिच्यापाशी बसवून तो घाईघाईने डोंगरावर चढला. उरलेले सारे तप पणाला लावून नारायणाकडून तिची सद्गती मागून घ्यायची, असे त्याने ठरवले होते.

शिखरावर एका शिलेवर तो एका पायावर उभा राहिला. अन्न नाही, पाणी नाही, अखंड नामोच्चार. दुसऱ्यांना यासाठी सहस्र सहस्र वर्षे लागली, अंगावर वारुळे चढली. सुहोत्रापुढे मात्र तिसऱ्याच दिवशी, ऐन दुपारी, मेघश्याम, पीतांबरधारी, कमलनयन भगवान नारायण उभे राहिले. त्यांच्या तेजाने शिलेची सावलीही उजळली. पण सुहोत्राला आनंद होण्याऐवजी संशय आला.

“प्रभो,” तो चाचरत म्हणाला, “माझे तप तर पुरे झालेले नाही.”

“तू शिलेवर चढलास तेव्हाच मी आलो होतो,” नारायण म्हणाले. “तुझे बोलणे थांबेना, म्हणून उभा राहिलो. माग, काय हवे?”

सुहोत्राने साष्टांग नमस्कार घातला. “हे जगन्निवासा, माझी सारी चांद्रायणे, सारा पंचाग्नी, सात पिढ्यांच्या अग्निहोत्राचे फळ मी तुझ्या चरणी ठेवतो. त्याच्या बदल्यात माझ्या घरचा अग्नी पूर्वीसारखा शुद्ध कर. बारा वर्षांपूर्वी तो विझलाच नव्हता, असे होऊ दे. म्हणजे कोणाला काही सांगावे लागणार नाही, आणि अनुव्रतेची वाटही चुकणार नाही.”

“तो विझला होता,” नारायण म्हणाले. “घडलेले न घडलेले करणे मला कठीण नाही, पण तुझ्यासाठी मी ते करणार नाही. आणि बदल्यात म्हणून जे देतो आहेस, ते माझेच आहे. सुहोत्रा, प्रत्येक आहुतीला ‘हे माझे नाही’ असे म्हणत तू मला तूप दिलेस, तीळ दिले, समिधा दिल्या. एक चूक तेवढी ‘माझी’ म्हणून बारा वर्षे उराशी धरून बसलास. ती दे.”

“ती तुला कशी देऊ? ती अमंगल आहे.”

“मग ती ठेवणार कोठे आहेस?”

सुहोत्राने मान वर न करता विचारले, “देवा, तू माझ्यावर रागावलेला आहेस ना?”

“आहे,” भगवान म्हणाले, आणि त्या एका शब्दाने वनातले पक्षी गप्प झाले. “वसुदत्ताला तू माझ्या नावाने हाकललेस. माझ्या तोंडी तू जे शब्द घातलेस, ते मी कधी उच्चारले नव्हते. त्याबद्दल मी रागावलो आहे. पण रागावलो म्हणजे टाकले, हा अर्थ तुझा तू काढलास. मी तुला टाकले नव्हते. विझला त्या दिवशी नाही, चोरलास त्या दिवशी नाही, आणि वसुदत्त पाठमोरा झाला त्या दिवशीही नाही.”

“मग मी काय करू?”

“खाली जा. ती तीन दिवस दाराकडे डोळे लावून आहे आणि तू येथे माझी आराधना करतो आहेस. तिला खरे सांग.”

“ती मला क्षमा करील का?”

“ते मी सांगणार नाही.”

“तिची गती? निदान तेवढे वचन दे.”

नारायणांच्या मुखावर विषाद आला, असे सांगतात. “मी तुला कधी टाकणार नाही, एवढे वचन मी दिले आहे. याहून मोठे वचन माझ्यापाशी नाही. याच्यावर तुझे भागत नसेल, तर तुला मी नको आहेस, हमी हवी आहे.” एवढे बोलून ते अंतर्धान पावले. शिलेवर ऊन होते, आणि सुहोत्राच्या हाती ना वर होता ना शाप.

तो डोंगर उतरला. वाटेत दोनदा त्याचे पाय वळले. पळून जावे असेही त्याच्या मनात आले. तरी तो घरी पोचला. ऋषिपत्नींना त्याने बाहेर जायला सांगितले, अनुव्रतेच्या उशाशी बसला, आणि गोवरीपासून निखाऱ्यापर्यंत, निखाऱ्यापासून वसुदत्तापर्यंत सगळे सांगितले. काही गाळले नाही, कोठे शास्त्राधार जोडला नाही. सांगून होईपर्यंत ती छपराकडे पाहत होती.

“वसुदत्ताची पत्नी त्या दिवशी माझ्या पायांशी बसून रडली होती,” शेवटी ती म्हणाली. “मी तिला काय सांगितले, ठाऊक आहे? म्हटले, बाई, आमच्या घरी असे कधी घडले नाही, म्हणून स्वामींना तुमचे दुःख कळत नाही. मी तिला हे सांगितले.”

सुहोत्राने मान खाली घातली.

“मला त्याच दिवशी का नाही सांगितलेत? दोघांनी मिळून अरणी घुसळली असती. दुपारभराचे काम होते ते.”

“मला वाटले, तू दुरावशील. सभा दुरावेल. देव तर दुरावलाच होता, असे वाटत होते.”

“म्हणून बारा वर्षे आपणच दुरावलात.” ती थांबली, तिला धाप लागली होती. “मला भीती वाटते, स्वामी. कालपर्यंत वाटत नव्हती. कालपर्यंत मला माझी वाट ठाऊक होती. ती आपण काढून घेतलीत.”

“अनुव्रते, मी त्याला पाहिले. डोंगरावर.”

“माझ्याविषयी काय म्हणाला?”

हा क्षण मोठा कठीण होता. एक गोड असत्य जिभेच्या टोकाशी होते, आणि तिच्या सुखासाठी ते बोलायला कोणीही भला माणूस तयार झाला असता. सुहोत्र म्हणाला, “तू वाट पाहते आहेस, एवढेच. गतीचे मी विचारले. त्याने सांगितले नाही. टाकणार नाही, एवढेच म्हणाला.”

अनुव्रतेने डोळे मिटले. ती इतका वेळ निश्चल पडून होती की, सुहोत्राने घाबरून तिच्या नाकापुढे बोट धरले. मग ती बोलली, आणि आता तिचा आवाज थोडा स्थिर होता.

“मी रोज या अग्नीतून नारायणाला भरवले. निखारा कोठून आला हे मला ठाऊक नव्हते, पण त्याला होते. भांडे कोणाचे हे पाहून जेवायला बसणारा तो असता, तर तो आपल्या घरून केव्हाच उठून गेला असता. आपल्यावर माझा विश्वास उरलेला नाही, स्वामी. आपल्याला बरे वाटावे म्हणून मी तसे म्हणणार नाही. पण मला जायचे आहे ते त्याच्याकडे. याच अग्नीने न्या मला. फक्त आधी सर्वांना सांगा. लपवलेल्या अग्नीने मी जाणार नाही.”

“सभा शाप देईल.”

“देईल,” ती म्हणाली. “तेही त्याच्याच स्वाधीन करा.”

त्याच दिवशी, सूर्य पश्चिमेकडे कलला असताना, अनुव्रतेने प्राण सोडले. शेवटी तिचा हात पतीच्या हातात होता की नव्हता, याविषयी दोन पाठ आहेत. मला दुसरा खरा वाटतो.

दुसऱ्या दिवशी वेणुमतीच्या तीरावर चिता रचली गेली. सारी ऋषिसभा जमली. अच्युताग्नीच्या सात पिढ्यांच्या अग्नीने होणारा दाह पाहण्यास दूरदूरचे मुनी आले होते. सुहोत्र अग्निपात्र घेऊन पुढे आला आणि मंत्राऐवजी त्याने आपली कथा सांगितली. तो बोलू लागला तेव्हा लोकांना वाटले, शोकाने याचे भान हरपले. तो बोलून थांबताच सभेतले सर्वांत वृद्ध ऋषी क्रोधाने लाल होऊन उठले.

“अरे अग्निचोरा, बारा वर्षे तू आम्हांकडून वंदन घेतलेस. तुझ्या शब्दाने आम्ही एका निरपराध दांपत्याला वनाबाहेर घातले. हा आमचा शाप ऐक. आजपासून तू कोणत्याही यज्ञात बसणार नाहीस. तुझ्या या अग्नीतून कोणीही आहिताग्नी निखारा घेणार नाही. तुझे दार धर्मशीलांना बंद झाले.”

“मान्य आहे,” सुहोत्र म्हणाला.

एकेक करून सारे उठून गेले. मंत्र म्हणायला कोणी उरले नाही. सुहोत्राने एकट्यानेच चितेला अग्नी दिला. अशा प्रसंगी आकाशातून दुंदुभी वाजतात, पुष्पवृष्टी होते, घंटांनी निनादणारे विमान उतरते आणि दिव्य देह धारण केलेली पतिव्रता त्यात आरूढ होताना सर्वांना दिसते. सुहोत्रानेही मान वर करून पुष्कळ वेळ पाहिले. आकाश रिकामे होते. कावळे घरट्यांकडे परतत होते. लाकडे ओली असल्याने धूर खाली खाली येत होता आणि त्याचे डोळे झोंबत होते. एक खूण, एवढीशी खूण मिळाली असती तरी त्या माणसाचे काळीज निवले असते. ती मिळाली नाही. तेव्हा तो मान खाली घालून, मोठ्याने, लहान मूल बोलते तसे बोलला, “तुझ्याकडे दिली. मला दिसत नाही. तुझ्याकडे दिली.” एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि चिता जळत राहिली.

अस्थिविसर्जन होताच तो वसुदत्ताच्या शोधार्थ दक्षिणेकडे निघाला. कित्येक दिवसांनी समुद्राजवळच्या एका कोळीवाड्यात त्याला पत्ता लागला. वसुदत्त आणि त्याची पत्नी दोघेही दोन वर्षांपूर्वी एका साथीत गेली होती. कोळ्यांनी चुलीतले कोलीत लावून त्यांना जाळले होते. मंत्र म्हटला नव्हता, कारण मंत्र कोणाला येत नव्हता. मरताना वसुदत्त काही म्हणाला का, असे सुहोत्राने विचारले. एक म्हातारी म्हणाली, “वाट तुटली, वाट तुटली, असं बडबडायचा बापडा. कोणी सांगितलं होतं कोण जाणे.”

सुहोत्र वाळूत बसला. ज्याची क्षमा मागायची तो उरला नव्हता, आणि हे दुःख त्याला जन्मभर पुरले. कोणत्याही दर्शनाने ते पुसले गेले नाही. अनुव्रतेला सोपवणे त्या मानाने सोपे होते, कारण तिने स्वतःच वाट दाखवली होती. आता ज्याला आपण आपल्या तोंडाने बुडवले, त्यालाही त्याच हाती सोपवायचे होते, आणि मग रिकाम्या हातांनी परत जायचे होते. समुद्राकडे तोंड करून त्याने ओंजळभर पाणी सोडले. “मी म्हणालो होतो, याला वाट नाही,” तो म्हणाला. “देवा, ते खोटे होते. तुला ते ठाऊक आहे. त्याला सांग.”

तो परत आला तेव्हा शेजारच्या एका ऋषिपत्नीने, शाप असूनही, त्याच्या कुंडात गोवऱ्या घालून अग्नी जिवंत ठेवला होता. सुहोत्राने पुढे यज्ञ केला नाही, पदवी कधी उच्चारली नाही, शिष्य घेतला नाही. तो अग्नीपाशी बसे आणि प्रहराप्रहराला पाहत असे.

आख्यानाच्या अखेरीस, ते ऐकणाऱ्याला कोणते पुण्य लाभेल हे सांगण्याची चाल आहे. या आख्यानाचे तसले फळ मला ठाऊक नाही. शाप मात्र अक्षरशः खरा ठरला: कोणीही धर्मशील आहिताग्नी सुहोत्राच्या दारी निखारा मागायला आला नाही. जे आले, त्यांचे अग्नी विझलेले होते. कोणाचा पुराने विझला होता, कोणाचा आळसाने, कोणाचा मद्याने, कोणाचा भावाशी झालेल्या भांडणात लाथ लागून. कोणाला आपल्या माणसाला जाळायला अग्नी मिळत नव्हता. पुढे कित्येक पिढ्या त्या तीरावर असे लोक येत राहिले, आणि तेथल्या अग्नीला ‘शापिताचा अग्नी’ असेच नाव पडले. सुहोत्र असेतो ते दाराबाहेर घुटमळत; आत बोलावले की हात जोडून, घसा खाकरून, “महाराज, माझ्या हातून असे झाले की,” अशी सुरुवात करीत. सुहोत्र चिमट्यात निखारा धरून उठलेला असे.

“आधी भांडे पुढे कर,” तो म्हणे. “निखारा निवतो आहे.”